चौथा ब्रश

१

रोज सकाळी उठल्यावर ती सगळ्यात आधी खोटं बोलायची, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता.

बाथरूममध्ये आरशाखाली प्लास्टिकचा पेला होता. त्यात चार ब्रश. हिरवा नवऱ्याचा, पिवळा तिचा, बदकाच्या तोंडाचा छोटा लेकीचा, म्हणजे गुंडीचा, आणि चौथा जांभळा. जांभळा ब्रश ती नळाखाली धरायची, अंगठ्याने त्याचे केस जरा फाकवायची, कडेला पेस्टचा ठिपका लावायची आणि परत पेल्यात ठेवायची. मग टॉवेलचा एक कोपरा ओला करायची. मग आतल्या खोलीत जाऊन खिडकीखालच्या अरुंद खाटेवरची चादर चुरगळायची आणि उशीत मूठ दाबून डोक्याएवढा खळगा करायची. शेवटी दाराजवळच्या तपकिरी चपला. काल त्यांचं तोंड भिंतीकडे असेल तर आज दाराकडे. एवढं झालं की आत्याबाई उठल्या, असं समजायचं आणि मग चहा ठेवायचा.

आत्याबाई नव्हत्याच. कधीच नव्हत्या. नवऱ्याच्या वडिलांना बहीणच नव्हती.

गोष्ट साधी होती. ज्यांना स्वतःचं घर घेणं या जन्मी जमणार नाही, अशांसाठी योजना निघाली होती. तीन माणसांच्या कुटुंबाला एक खोली, चार माणसांच्या कुटुंबाला दोन. एका खोलीची यादी एवढी लांब, की गुंडीचं लग्न होऊन तिला पोरं झाली असती तरी नंबर लागला नसता. दोन खोल्यांची यादी आखूड. हे तिला कळलं ते योजनेच्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या अर्जवाल्याकडून. त्याने चष्म्यावरून दोघांकडे बघितलं, तिच्या कडेवरच्या गुंडीकडे बघितलं आणि म्हणाला, "एक माणूस कमी पडतंय ना तुम्हाला? माणूस मिळतं हो. घर मिळत नाही."

मग त्याने खणातून एक जुना, दुमडून दुमडून मऊ पडलेला दाखला काढला. कुणा बाईचा होता, वय बासष्ट. नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, आत्या. दाखला कुणाचा, हे दोघांनी विचारलं नाही. पाच वर्षांत चार भाड्याच्या खोल्या बदललेल्या माणसात विचारायची ताकद राहत नाही. शेवटच्या खोलीत तर गुंडी रडली की मालकीणबाई वरून काठी आपटायच्या, आणि पोर काठीच्या आवाजाने अजून रडायची.

घर लागलं. पण अट होती. पहिलं वर्षभर कधीही पाहणी होणार. अर्जातली सगळी माणसं खरंच राहतात का, की घर भलत्यालाच दिलंय, हे बघायला एक पाहणीवाल्या बाई न सांगता यायच्या. वर्ष संपताना सगळ्या मोठ्या माणसांनी त्यांच्यासमोर अंगठा द्यायचा. एक जरी कमी पडलं, तर घर यादीतल्या पुढच्याला.

बाई दोनदा येऊन गेल्या होत्या. एकदा आत्या डोळे तपासायला गेल्या होत्या, एकदा पाय मोकळे करायला. पाहणीवाल्या बाई दोन्ही वेळा बाथरूममध्ये जाऊन चारही ब्रशांना एकेक बोट लावून आल्या.

तेव्हापासून तिचा एकही दिवस चुकला नव्हता.

२

एका मंगळवारी जांभळा ब्रश आधीच ओला होता.

तिला वाटलं, आपणच केला आणि विसरलो. काजं-बटणांचं काम घरी आणल्यापासून डोकं जागेवर नसायचंच. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, ती दिवसभर बटणं लावायची आणि पोर त्या बटणांत रांगतच मोठी झाली, म्हणून तर तिचं नाव गुंडी पडलं. रात्री डोळे मिटले तरी चार भोकं दिसायची. असं माणूस ब्रश विसरलं तर नवल काय.

बुधवारी परत ओला. गुरुवारीही.

तिने नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे कुठलीही गोष्ट बिघडली की त्याला आधी वायसर आठवायचा. म्हणाला, नळ गळत असेल, थेंब उडत असतील. त्याने वायसर बदलला, नळ पिरगळून दाखवला. एक थेंब नाही. तिने पेला उचलून पार दुसऱ्या टोकाला, फळीवर ठेवला.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा अर्धा तास आधी उठली. बाहेर उजाडत होतं. नवरा घोरत होता, गुंडी त्याच्या पाठीला पाय लावून झोपली होती. तिने बाथरूमचा दिवा लावला. तीन ब्रश कोरडे. चौथा ओला. आणि तिचा पेस्टचा ठिपका नव्हता त्यावर. दांडीच्या मानेशी पांढरा फेस होता. खरोखर दात घासून, घाईत धुतल्यावर राहतो तसा.

बेसिनमध्ये पाणी अजून खाली जात होतं, गुळगुळ करत.

तिने स्वतःला समजावलं, की पाइप वरच्या घराचा आणि आपला एकच आहे. वरचे उठले असतील. मग तिला आठवलं, आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो.

३

एकदा डोळ्यात कुसळ गेलं की जिथं तिथं तेच दिसतं, असं तिची आई म्हणायची. म्हणून तिने बघायचंच नाही असं ठरवलं. पण चपला दारातच होत्या.

त्या तिने नव्या कोऱ्या आणल्या होत्या आणि कधी कुणी पायात घातल्या नव्हत्या. तिने उलट्या करून बघितल्या. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. एखाद्याचा डावा पाय जरा फेकत पडत असेल तर झिजते तशी.

शेजारी एक नर्सबाई राहायची, पाळीप्रमाणे कामाला जाणारी. तीन दिवसांनी जिन्यात भेटली. हसून म्हणाली, "तुमच्या आत्या बऱ्या आहेत हो. पहाटे खोकतात ना, मला गजर लावावा लागत नाही. पण औषध द्या त्यांना. कोरडा खोकला आहे."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आत्याला खोकला नाही म्हणावं, तर मग पहाटे खोकतं कोण? आत्याच नाही म्हणावं, तर घर जातं.

त्या दिवशी दुपारी ती गुंडीला बालवाडीतून आणायला गेली, तेव्हा सात शर्ट राहिले होते. परत आली तर सातही घडी घालून गठ्ठ्यावर ठेवलेले. बटणं लावलेली. तिने एक उलगडून बघितला. ती स्वतः चार भोकांत दोन सरळ टाके घालायची, शेजारी शेजारी. कारखान्यात तेच शिकवलं होतं. या बटणांवर फुली होती. जुन्या बायका घालतात तशी घट्ट, आडवी-तिडवी फुली, आणि मागे दोऱ्याला मुंगीएवढी गाठ.

ती तिथंच जमिनीवर बसली. आतल्या खोलीत दार नव्हतं, फक्त पडदा होता. पडदा हलत नव्हता. वारा असता तर हलला असता, आणि तिला बरं वाटलं असतं.

"गुंडे," ती हळूच म्हणाली, "इकडे ये."

गुंडी पडद्याशी उभी होती. "थांब," ती म्हणाली, "आजी सुई शोधते."

४

रात्रीच्या जेवणाआधी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग शर्ट बघितले, चपला बघितल्या, आणि त्याचं हसू आंबलं. तरी म्हणाला, तुझ्या मनाचे खेळ आहेत, झोप होत नाही तुझी. आणि समज असलं काही, तर काय करणार? कुणाला सांगणार? नसलेल्या माणसाची तक्रार करायला गेलो तर आधी आपल्यालाच बाहेर काढतील.

ते खरं होतं. पण तिला घरापेक्षा पोर मोठी होती. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने ब्रश, टॉवेल, उशी, चादर, चपला सगळं एका पोत्यात भरलं, पोत्याला गाठ मारली आणि माळ्यावर पार मागे ढकललं. खाट उभी करून भिंतीला लावली. मग दाराला कडी घालून, गुंडीला मांडीवर घेऊन बसली.

दिवस चांगला गेला. ब्रश तीन. चादर नाही, चुरगळायची गरज नाही. तिला वाटलं, झालं, गेलं. इतकं हलकं वाटलं, की गुंडीबरोबर बटणांचे मनोरे रचले.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास गुंडी उठून दाराशी गेली आणि कडीकडे हात करायला लागली.

"काय गं?"

"आजी बाहेर आहे."

"कुणी नाही बाहेर."

"आहे. मघापासून आहे." पोरीचा ओठ बाहेर आला. "तिच्या चपला कुठेत? तिला आपलं घर सापडत नाही."

तिने दाराच्या भोकाला डोळा लावला. व्हरांडा रिकामा होता. दिवा होता, समोरचं बंद दार होतं, नर्सबाईची कुंडी होती. मग तिची नजर खाली गेली. दारापुढचं पायपुसणं नवं होतं, केसाळ. त्याचे केस दोन जागी दबलेले होते, शेजारी शेजारी. एखादं माणूस बराच वेळ न हलता उभं असलं तर दबतील तसे. ती बघत असतानाच डावीकडचा दाब जरा सरकला. पाय अवघडल्यावर माणूस भार बदलतं तसा.

तिला ओरडायचं होतं. पण ओरडली असती तर पोर घाबरली असती, म्हणून तिने ओठ दाताखाली धरला. आणि तेव्हा एक भलताच विचार तिच्या मनात आला. काठी आपटणाऱ्या मालकीणबाईच्या घरातून निघाले त्या दिवशी ती स्वतः अशीच उभी होती. सामान रस्त्यावर, पोर कडेवर आणि समोर कुणाचं तरी बंद दार.

तिने माळ्यावरून पोतं ओढलं. गाठ सुटेना, दातांनी सोडली. कडी काढली, दार बोटभर उघडलं, चपला पायपुसण्यावर ठेवल्या आणि दार लावून पाठ टेकून उभी राहिली.

थोड्या वेळाने नवरा आला. तिने विचारलं, चपला आत आणल्यात का? तो म्हणाला, कुठल्या चपला? बाहेर काही नव्हतं.

चपला आत होत्या. भिंतीजवळ, नेहमीच्या जागी, तोंड घराकडे.

५

दुसऱ्या दिवशी ती अर्जवाल्याकडे गेली. तो कुणाचा तरी फॉर्म भरत होता. तिने गुंडीला टेबलाच्या कोपऱ्यावर बसवलं आणि विचारलं, तो दाखला कुणाचा होता.

त्याला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, होती एक बाई. दरवर्षी यायची. तीनदा अर्ज केला, तीनदा परत आला. एकट्या माणसाला या योजनेत घर नाही. कुटुंब लागतं. तिला कुणी नव्हतं. शेवटच्या वेळी दाखला इथंच टेबलावर ठेवून गेली.

"न्यायला आली नाही?"

"नाही."

"मग राहते कुठे ती?"

अर्जवाल्याने पेन थांबवलं. "बाई, राहायला जागा असती तर माझ्या टेबलाशी कशाला आली असती?"

ती घरी आली. खाट परत खिडकीखाली लावली. चादर घातली, पण चुरगळली नाही. उशी ठेवली, पण मूठ दाबली नाही. ब्रश पेल्यात ठेवला, कोरडा. आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "लहान मूल आहे घरात. तेवढं सांभाळून." बोलल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

भीती गेली नव्हती. पहाटे खोकला ऐकू आला की ती गुंडीला जवळ ओढायचीच. पण गुंडीला दोन वर्षांपासून झोपेत दचकायची सवय होती, ती त्या आठवड्यात गेली. हेही तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दिसलंच.

वर्ष संपत आलं. पाहणीचा दिवस कळवणारा कागद आला, रविवार सकाळ. नवऱ्याला झोप लागेना. त्याने एक तोड काढली. कामावरच्या सोबत्याची आई बासष्टच्याच आसपास होती, अंगठा द्यायला येईन म्हणाली होती. तो घाईघाईने सांगत होता आणि ती भांडी पुसत होती.

"नको," ती म्हणाली.

"अगं, मग करणार काय? घर जाईल हातचं."

"घरात आधीच चार माणसं आहेत," ती म्हणाली. "पाचवं कशाला आणता?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिलाही कळलं नाही, आपण हे थट्टेने बोललो की कसं.

६

पाहणीवाल्या बाई ठरल्या वेळी आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, पिशवीतून शाईचा डबा आणि कागद काढला. नवऱ्याने अंगठा दिला. त्याने घाईत अंगठा इतका दाबला की ठसा पसरला, दुसऱ्यांदा घ्यावा लागला. मग तिचा. मग बाईंनी कागदावरून बोट खाली नेलं आणि वर बघितलं.

"आत्याबाई?"

नवरा म्हणाला, त्या जरा... आणि तिथंच थांबला. त्याने एवढ्या कारणांची तयारी केली होती, ती सगळी ऐन वेळी पळाली.

तिला वाटलं, आता सांगून टाकावं. एक वर्ष खोटं बोलून झालं, आता पुरे. घर गेलं तर गेलं, पाचवी खोली शोधू. तिने तोंड उघडलं. आणि आतल्या खोलीत खाट कुरकुरली.

पाहणीवाल्या बाईंची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, पडद्याकडे. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. वडीलधाऱ्या माणसापुढे उठतात तशा त्या उठल्या.

"राहू द्या, राहू द्या. उठू नका. मीच येते आत."

तिला वळायचं नव्हतं. मान आधी वळलीच नाही. पण बाई तिच्याजवळून गेल्या तशी ती नकळत वळली आणि तिची नजर त्यांच्या पायांमागे गेली, जमिनीवरून, पडद्याच्या खालच्या काठापर्यंत. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्या पलीकडे तपकिरी चपला होत्या. रिकाम्या नव्हत्या. सुकलेल्या, भेगाळलेल्या टाचा होत्या त्यात, आणि डावा पाय जरा बाहेर फेकलेला. त्या पायांना अगदी चिकटून दोन छोटी अनवाणी पावलं. गुंडीची. ती चवड्यांवर उभी होती, कुणाच्या तरी हाताला लोंबकळल्यासारखी.

पडदा बाजूला झाला, बाई आत गेल्या, पडदा पडला.

आतून फक्त पाहणीवाल्या बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. अच्छा. हो का. बरं झालं मग. मध्ये मध्ये थांबत होत्या, समोरचं माणूस बोलत असल्यावर थांबतात तशा. त्या थांबण्यात काहीच आवाज नव्हता. नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला होता, लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

बाई बाहेर आल्या. कागदावर तिसरा अंगठा होता. स्वच्छ, गोल. त्याच्या रेघांत बारीक बारीक पांढरे ठिपके होते. तिने स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. तसेच ठिपके. सुई टोचून टोचून पडतात तसे.

"हात फार गार आहेत हो त्यांचे," पाहणीवाल्या बाई शाईचा डबा बंद करत म्हणाल्या. "एखादी शाल घ्या."

तिने कागदावरून नजर न काढता विचारलं, "काही म्हणाल्या?"

"खिडकी आवडली म्हणाल्या. उजेड चांगला येतो, सुईत दोरा ओवायला." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. दारात थांबून म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटत होतं तुम्ही खोटं माणूस दाखवलंय. बरेच दाखवतात. एवढ्या ठिकाणी जाते मी, पण म्हाताऱ्या माणसाची वेगळी खाट, वेगळी खिडकी, असं कमी घरी बघितलं."

दार लागलं. गुंडी पडद्यातून पळत बाहेर आली. आजीसारखा तिचाही अंगठा शाईने काळा होता, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

नवरा जमिनीवर बसला आणि हसत रडला, की रडत हसला. तिनेही पदर तोंडाला लावला. आतली खोली रिकामी होती. खाटेवरची चादर नीट ताणलेली, कोपरे आत मुडपलेले. तिने कधीच मुडपले नव्हते.

७

घराचे कागद महिन्याने आले. आता कुणी तपासायला येणार नव्हतं. नवऱ्याने कागद दोनदा वाचले, कपाटात ठेवले, परत काढून वाचले. मग बाथरूममध्ये गेला आणि जांभळा ब्रश हातात घेऊन बाहेर आला. म्हणाला, आता याची काही गरज नाही ना?

तिने त्याच्या हातून ब्रश घेतला. केस पार वाकडे झाले होते. "खरंच टाकायला झालाय," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाजारात गेली.

तिने नवा ब्रश घेतला, मऊ केसांचा. चपलांच्या दुकानात जाऊन मऊ तळाच्या चपला मागितल्या. दुकानदाराने विचारलं, तुमच्यासाठी? ती म्हणाली, नाही, घरातल्या मोठ्या बाईंसाठी, डावा पाय जरा फेकत टाकतात. तो म्हणाला, मग टाच जाड घ्या. तिने जाड टाचेच्या घेतल्या. येताना एक शालही घेतली. राखाडी, साधी. घरी येऊन ती खाटेवर पायाशी ठेवली आणि पडदा ओढून घेतला.

सकाळी तिला सवयीने जाग आली. उजाडलं होतं. पाय जमिनीवर टेकणार, तेवढ्यात तिचा हात शेजारी गेला आणि थांबला. गुंडी गाढ झोपली होती. राखाडी शाल तिच्या अंगावर होती, मानेपर्यंत ओढलेली, आणि पाय उघडे पडू नयेत म्हणून खालून नीट मुडपलेली.

ती शालीचा काठ धरून थोडा वेळ तशीच राहिली. भीती वाटली, नाही असं नाही. मग हळूहळू कमी झाली.

भिंतीपलीकडे कोरडा खोकला आला. बाथरूमचा नळ सुरू झाला, थोडा वेळ चालला आणि घट्ट बंद झाला, एकही थेंब न गळता.

तिने पाय परत वर घेतले, कूस बदलली, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा परत झोपी गेली.